बतूलची अट

मुज्तबाने हिंदुस्थानात शिकायला जायचं नाही, हे बतूलने ज्या दिवशी मनाशी पक्कं केलं, त्याच दिवशी ती स्वतःच्या हाताने गल्लीभर सरबत वाटत होती. पोराला पुण्याच्या एका कॉलेजात औषधशास्त्राला प्रवेश मिळाला होता. शेजारणी येऊन गळ्यात पडत होत्या, गालांचे मुके घेत होत्या. बतूलचा नवरा बाबिकर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. एरवी या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे पक्कड लागायची. तोसुद्धा त्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "ऐकलंत ना? पोरगा फार्मासिस्ट होणार." अशा वेळी 'माझा मुलगा कुठेही जाणार नाही' असं म्हणायला छाती लागते. बतूलला छाती होती, पण अक्कलही होती. ती हसत राहिली आणि पेले भरत राहिली.

तिच्या तिन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. एक पोर्ट सुदानला, दोघी खार्टूमला. मुज्तबा शेंडेफळ. तो गेला की घरात उरणार ती, बाबिकर आणि बाबिकरचं मौन. तेही चार वर्षं! बतूलला हे सहन होणार नव्हतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं तिला वाटतही नव्हतं. फक्त ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

आमच्या अत्बरात, सुदानच्या या रेल्वेच्या गावात, आई राजी असल्याशिवाय कुणी लांबच्या प्रवासाला निघत नाही. व्हिसा मिळो, तिकीट येवो, बॅगा भरोत. आईने दारात उभं राहून 'जा, मी तुझ्यावर राजी आहे' म्हणावं लागतं. त्याशिवाय गेलेल्याचं भलं होत नाही असं सगळे मानतात, आणि जे मानत नाहीत तेही आपले थांबून ऐकून घेतात. बतूलच्या हातात एवढं एकच हत्यार होतं. ते कधी उपसायचं याची ती वाट बघत होती.

संधी मुदस्सिरने दिली. मुदस्सिर म्हणजे तिच्या बहिणीचा मुलगा. मागे तोही पुण्याला शिकायला गेला होता आणि पहिलं वर्ष संपायच्या आत परत आला होता, गालफडं बसलेली, विजार दोरीने बांधलेली. तेव्हापासून बाजारात मोबाइलची दुकानदारी करत होता. मुज्तबाला चार गोष्टी समजावून सांगायला म्हणून बाबिकरने त्याला जेवायला बोलावलं.

"सकाळी काय देतात खायला?" बतूलने विचारलं.

"चपटा केलेला भात, मावशी. पिवळा. वर शेंगदाणे."

"भात चपटा कशाला करायचा?"

"ते मी विचारलं नाही. पण वाईट लागत नाही हो. दुपारी मात्र सगळं बंद. दुकानदार शटर ओढून झोपतात. दार वाजवलं तर ओरडतात."

"म्हणजे माणसं चांगली आहेत," बाबिकर म्हणाला. तोही दुपारी झोपणाराच होता.

"आणि कालवणं?"

"मावशी, तिखट म्हणजे असं तिखट, की पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. मी पाव नि केळी खाऊन राहायचो. आपल्या किस्र्याची आठवण यायची ना, तर ताटावरच रडू यायचं."

"तिथे ज्वारी मिळत नाही?" मुज्तबाने विचारलं.

"मिळते की. पोतीच्या पोती. पण ते लोक हाताने थापून तिची जाड भाकरी करतात. किस्रा त्यांच्या गावीही नाही."

बतूलने हातातला तांब्या खाली ठेवला. "ऐकलंत?" ती बाबिकरकडे बघून म्हणाली. "हा का परत आला ते ऐकलंत? अभ्यास झेपला नाही म्हणून नाही, पोटात घास गेला नाही म्हणून. माझंही पोरगं असंच काटकुळं होऊन परत यायचं आहे का?" मग ती मुलाकडे वळली. "मुज्तबा, नीट ऐक. ज्या दिवशी तू तव्यापुढे बसून पाहुण्यांपुढे ठेवता येईल असा किस्रा करशील, त्या दिवशी मी राजी. नाहीतर वल्लाही, मी राजी नाही."

मुदस्सिरला ठसका लागला. बाबिकरचा हात ताटातच थांबला. अत्बरातले पुरुष अख्खं इंजिन उघडून परत जोडतील, पण स्वतःसाठी चहा ओतून घेणार नाहीत. आणि किस्रा म्हणजे काही चहा नव्हे. पातळ आंबलेलं पीठ तापल्या तव्यावर ओतायचं, खजुरीच्या पानाच्या चपट्या तुकड्याने एका झटक्यात कागदासारखं पसरायचं आणि जळायच्या आत बोटांनी सोलून घ्यायचं. बायकांचीही त्यात वर्षं जातात. स्वयंपाकघरात बसलेला मुलगा गल्लीत पाहायलाच मिळायचा नाही, मग तव्यापुढे बसलेला कुठून मिळणार? अट अशी चोख बसली होती, की बतूलला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"बरं," मुज्तबा म्हणाला आणि जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बतूल अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात गेली, तर तो तिच्या बुटक्या तिवईवर बसलेला. जल्लाबियाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चूल पेटवलेली, डोळे धुराने लाल.

"हे काय?"

"तूच म्हणालीस ना, युम्मा. शिकव."

आता शिकवणं भाग होतं. नाही म्हटलं असतं तर अट खोटी ठरली असती. तिने त्याला ज्वारीचं पीठ कालवायला शिकवलं, आदल्या दिवशीचं आंबलेलं पीठ विरजणासारखं किती घालायचं ते दाखवलं, तव्याला तेलाचं फडकं कसं फिरवायचं ते दाखवलं. पोरगं डावरं होतं. लहानपणी तिने त्याच्या डाव्या हातावर किती चापट्या मारल्या होत्या, पण जेवणाचा घास तेवढा उजव्यात आला, बाकी सगळं डाव्यानेच राहिलं. खजुरीचं पान त्याने डाव्या हातात धरलं, तेव्हा तिला हसू आलं. पहिला किस्रा जळला. दुसऱ्याची गुठळी झाली. तिसरा उचलताना त्याचं बोट तव्याला लागलं आणि तो हात झटकत अंगणभर नाचला. बतूलने कणव दाखवली नाही. आतून तिला बरंच वाटत होतं.

बातमी गल्लीत पसरायला दुपारसुद्धा लागली नाही. पोरं भिंतीवरून डोकावून हाका मारू लागली, "अहो बाई, आमच्यासाठीपण दोन टाका!" शेजारची हाजा सित्तना मुद्दाम येऊन दारात उभी राहिली. वयाने बतूलच्या आईएवढी, जीभ वस्तऱ्यासारखी. लग्न असो की मयत, गल्लीच्या चुलीवर हुकूम तिचाच चालायचा. तिने मुज्तबाचा किस्रा दोन बोटांत धरून उचलला. तो मधोमध फाटला.

"हे पुण्याला नेणार होय रे? तिथल्या लोकांनी तुझं काय वाकडं केलंय?"

"शिकतोय, हाजा."

"शीक, शीक. तोवर मी मरून जाईन, नाहीतर तुझं कॉलेज बंद पडेल."

बाबिकरची तर पंचाईत झाली होती. तो घरी यायचा तो मान खाली घालून. एके संध्याकाळी त्याचा बांध फुटला. "वर्कशॉपात मला काय विचारतात ठाऊक आहे? म्हणतात, बाबिकर, तुला चौथी मुलगी कधी झाली रे? बास कर हे आता!"

"याबा," मुज्तबा शांतपणे म्हणाला, "मी तिकडून मुदस्सिरसारखा परत आलो, तर तेच लोक काय म्हणतील?"

बाबिकर पागोटं डोक्यावर ठेवून बाहेर निघून गेला.

पोरगं हट्टाला पेटलं होतं. व्हिसासाठी तो खार्टूमला जाऊन आला, रांगांमध्ये उभा राहिला, ताप येईल अशी ती प्रवासाची सुई टोचून घेतली. परत आला तो सरळ तव्यापुढे. फणफणता ताप अंगात, आणि हातात खजुरीचं पान. एका बाजूला बॅग भरत होती. वाळवलेल्या भेंडीची पूड, तळून सुकवलेला कांदा, शेंगदाण्याचं कूट असं काही ना काही शेजारणी आणून देत होत्या. आणि हळूहळू हात बसू लागला. पसरवण्यात आता थरथर नव्हती. कडा गोल यायला लागल्या.

मग बतूलचं धाबं दणाणलं.

तिने जे केलं ते चांगलं केलं असं मी म्हणणार नाही, आणि तिला दोषही देणार नाही. मुज्तबा रोज रात्री आपलं पीठ कालवून वेगळ्या मडक्यात ठेवायचा. बतूल पहाटे वुजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, उठायची, तेव्हा त्याच्या मडक्यात आणखी एक पळी जुनं, फसफसलेलं पीठ ओतायची आणि काठीने ढवळून झाकण लावायची. सकाळपर्यंत त्याचं पीठ प्रमाणाबाहेर आंबून जायचं. अशा पिठाचा किस्रा तव्यावर छान दिसतो, पण सोलायला गेलं की जाळी पडून फाटतो. एवढं करून ती नमाजाला उभी राहायची. आधी क्षमा मागायची, मग तेच मागायचं जे मागायचं होतं.

"युम्मा," एक दिवस त्याने विचारलं, "माझं पीठ तुझ्या पिठापेक्षा रोज आंबट कसं होतं? माप तर तुझंच आहे."

ती पळीने कालवण ढवळत होती. "तुझा हात गरम आहे," ती म्हणाली. "काहींचा असतो. त्यांच्या हातचं पीठ लवकर आंबतं. त्याला इलाज नाही."

तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला. त्या रात्री पीठ कालवण्याआधी तो सावलीतल्या गार पाण्याच्या रांजणाशी गेला आणि कितीतरी वेळ दोन्ही हात पाण्यात बुडवून बसला. मग रोजच बसू लागला. बतूल खाटेवरून ते बघायची आणि कूस बदलायची. तिला वाटायचं, उठावं आणि सांगून टाकावं. पण सांगितलं की पोरगं गेलंच. ती गप्प पडून राहायची आणि पहाटे पुन्हा पळी हातात घ्यायची.

जाण्याचा शनिवार जवळ आला. बॅगेला कुलूप लागायचं तेवढं बाकी होतं, आणि किस्रे फाटतच होते. मुज्तबाने आदळआपट केली नाही की विनवण्याही केल्या नाहीत. एकदाच म्हणाला, "शनिवारपर्यंत वेळ आहे अजून." बतूलला त्या शांतपणाची भीती वाटू लागली. आरडाओरडा केला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

त्या आठवड्यात एका पहाटे, ती नुकतीच उठली होती, वुजूही व्हायचा होता, तेवढ्यात पलीकडच्या घरातून बायकांची किंकाळी उठली. हाज ऊशी गेला होता. जुना इंजिन ड्रायव्हर, बाबिकरचा मित्र. त्याची बायको झैनब म्हणजे बतूलची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन या गल्लीत आल्या होत्या. बतूलने तोब अंगाभोवती गुंडाळला आणि तशीच अनवाणी धावली.

झैनबने तिचा हात जो धरला तो सोडलाच नाही. मयत उठली, पुरुष दफन करून आले, गल्लीत मंडप लागला, सतरंज्या आणि खाटा पसरल्या गेल्या. माणसं यायची, तळहात वर धरून फातिहा म्हणायची आणि बसायची. आत बायका दाटीवाटीने जमिनीवर बसल्या होत्या. झैनब रडून रडून आता नुसती भिंतीकडे बघत होती. ना पाणी, ना शब्द. फक्त बतूलचा हात तिच्या मुठीत.

ऊन डोक्यावर आलं तशी बतूलला आपल्या घरच्या ताटाची काळजी लागली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. गल्लीतल्या प्रत्येक घराने मंडपात जेवणाची सीनिया पाठवायची, म्हणजे ते मोठं गोल ताट, कालवणाचे वाडगे, किस्र्याची चळत, वर रंगीत विणलेलं झाकण. कोणाची सीनिया आली आणि कोणाची नाही, हे कुणी बोलत नाही, पण विसरतही नाही. आणि इथे मयत कोणाची, तर हाज ऊशीची! बाबिकरच्या घरची सीनिया नसली, तर बाबिकरने मंडपात तोंड कसं दाखवायचं? बतूलने हळूच हात सोडवायला बघितला. झैनबची मूठ आणखी घट्ट झाली.

दारातून मंडपाची एक बाजू दिसत होती. सीनिया येऊ लागल्या. ही शिक्षकांच्या घरची, ही कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या घरची. आणि मग मुज्तबा दिसला. डोक्यावर सीनिया, एका हाताने तोल सावरत तो सरळ मंडपात शिरला. मुलांनी सीनिया वाहून नेणं रोजचंच, त्यात कुणाला नवल नव्हतं. बतूलच्या जिवात जीव आला. पाठोपाठ वाटलं, बेकरीतला पाव आणला असेल. मयताच्या जेवणात पाव! लोक नावं ठेवतील, पण ताट रिकामं नाही एवढं तरी होईल. तिने डोळे मिटून घेतले.

पुरुषांची पंगत उठली आणि उरलेलं आत आलं. हाजा सित्तना एक ताट घेऊन बायकांच्या मधोमध येऊन बसली. तिने एक किस्रा उचलला आणि दोन्ही हातांनी दाराच्या उजेडासमोर धरला. त्यातून पलीकडचं दार दिसत होतं. फाटला नाही, लोंबलाही नाही.

"बघा गं, बघा," ती सगळ्यांना म्हणाली. "किस्रा याला म्हणतात. बाबिकरच्या ताटावर बसलेली माणसं उठायला तयार नव्हती. बतूल, म्हातारी होत चाललीस, पण हात शाबूत आहे गं तुझा. पोराला विचारलं मी, कोणी केले? तर म्हणाला, आईने पहाटेच करून ठेवले होते."

बतूल त्या किस्र्याकडे बघत होती. पसरवलेल्या पिठाच्या रेषा उलट्या दिशेने वळल्या होत्या. या गल्लीत डाव्या हाताने किस्रा पसरणारं माणूस एकच होतं. आणि तिला आठवलं, आज पहाटे तिने पळी उचललीच नव्हती. किंकाळी ऐकून ती धावली होती. पोराच्या पिठात आज त्याने घातलं तेवढंच होतं.

"तोच म्हणाला? आईने केले म्हणून?"

"बापासमोर म्हणाला की. दहा माणसांत." सित्तनाने एक तुकडा तोंडात टाकला. "आणि त्याचं काय गं? अजून फाटकेच करतोय वाटतं? शनिवार तर आला. आता राहील इथेच. बरंच आहे, तुलाही सोबत होईल."

तेव्हा बतूलला सगळं कळलं. बापाला मंडपात मान खाली घालावी लागू नये, म्हणून पोराने आपलं यश आईच्या पदरात टाकलं होतं. आज पाहुण्यांपुढे किस्रा मांडला गेला होता, पाहुण्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला होता, आणि अट पुरी झाल्याचं त्याच्याशिवाय फक्त तिलाच ठाऊक होतं. तिने नुसती मान हलवायची होती. मान हलवली की बाबिकरची अब्रू शाबूत, तिचा हात शाबूत, आणि मुलगा घरात. बायका कौतुकाने तिच्याकडे बघत होत्या. दारात मुज्तबा रिकामी भांडी न्यायला येऊन उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. त्याने एकदाही वर बघून तिला गळ घातली नाही. ते बघून तिला राग आला, स्वतःचाच.

"माझे नाहीत हे," बतूल म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"हे किस्रे मी केले नाहीत, हाजा. पहाटेपासून मी इथून हललेय का? मुज्तबाने केलेत. एकट्याने."

सित्तना चावायची थांबली. कोणीतरी तोबाच्या पदराआड हसलं आणि गप्प झालं.

"आणि इतके दिवस ते फाटत होते ना," बतूलचा आवाज चढला, आता थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नव्हतं, "ते मी फाडत होते. रोज पहाटे त्याच्या पिठात जुनं पीठ ओतत होते. वर त्यालाच सांगितलं, तुझा हात गरम आहे. काही गरमबिरम नाही त्याचा हात. माझ्या हातापेक्षा चांगला आहे!"

मुज्तबाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि बतूलला सर्वांत जास्त लागलं ते हे, की नवलही नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं, युम्मा. पळीचा आवाज येतो."

"मग बोलला का नाहीस? मडकं लपवायचं होतंस, मेल्या!"

"आईपासून काय लपवायचं? म्हटलं, कंटाळशील एक दिवस तू. माझी तयारी होती शनिवारपर्यंत." तो वाकून ताटं एकावर एक रचू लागला. "पण उद्या पहाटे ओतू नकोस. उद्याही सीनिया पाठवायची आहे."

एरवी या उत्तरावर बायका हसल्या असत्या. हाजा सित्तना मात्र हसली नाही. तिने तोंडातला घास गिळला, पुन्हा एक तुकडा तोडला आणि मुज्तबाकडे बघून म्हणाली, "मीठ किंचित कमी आहे." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. मुज्तबाने "बरं, हाजा" म्हटलं आणि भांडी घेऊन तो बाहेर गेला. मंडपात आता बापाला काय ते कळणारच होतं. बतूलला त्याची काळजी वाटली नाही. बाबिकरने आयुष्यभर मौन पाळलं होतं, आणखी थोडं पाळेल.

"मग जातोय म्हण की," सित्तना म्हणाली.

"जातोय," बतूल म्हणाली. "शनिवारी. मी राजी आहे."

एवढ्या बायकांसमोर बोललेला शब्द आता परत घेता येणार नव्हता. तिने तो तसाच, परत घेता येणार नाही असा उच्चारला होता. आणि तो उच्चारून झाल्यावर तिचं सगळं बळ सरलं. तिने तोबाचं टोक तोंडावर ओढलं आणि ती रडू लागली, मोठ्याने, खांदे हलवत. बाहेरून नुकत्याच आलेल्या दोघी तिच्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. "अल्लाह त्याला जन्नत देवो," त्या म्हणाल्या, "फार भला माणूस होता हाज ऊशी." मयताच्या घरात रडणाऱ्या बाईला कोणी कारण विचारत नाही.

झैनब पहाटेपासून भिंतीकडे बघत होती. तिने आता मान वळवली. बतूलचा हात अजून तिच्या मुठीत होता.

"तिथे आता थंडी असेल का गं?" तिने विचारलं. दिवसभरातले तिचे ते पहिलेच शब्द होते.

"ठाऊक नाही," बतूल हुंदके देत म्हणाली.

"ऊशीची लोकरीची शाल आहे आत, पेटीत. रात्रपाळीला इंजिनावर घेऊन जायचा. ती दे त्याला. मला आता ती घडी करून ठेववत नाही."

मग झैनबने दुसरा हात ताटाकडे पुढे केला. बतूलने डोळे पुसले, किस्र्याचा एक तुकडा तोडला, कालवणात बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला.